सतरा कागद

"ताई, उलट उजळ केल्यात बघा आईंना. किती छान दिसतायत!"

लॅबमधल्या माणसाचं हे वाक्य ऐकून दोन वर्षं झाली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. माझी आई काळी होती. आपल्याकडे 'सावळी' म्हणून वेळ मारून नेतात, पण ती काळीच होती, उन्हात भांगलण करत आयुष्य काढलेल्या बाईचा असतो तसा तिचा रंग होता. माझ्या हातातल्या प्रिंटवर मात्र पीठ चोपडल्यासारखी गुलाबी बाई बसली होती. अंगावरची गोमी काठाची डाळिंबी इरकल तेवढी ओळखीची, आणि तीही विटलेली.

फोटो भाच्याने काढलेला. 2022 मध्ये भाचीच्या लग्नात, मांडवात. वर्षश्राद्धाला तसबीर हवी म्हणून मी तो तालुक्याला छापायला दिला होता. मी विचारलं, "रंग का बदलला?" तो म्हणाला, "मशीन आपोआप करतं, आणि वरून आम्ही थोडं वाढवतो. गडद प्रिंट दिलं की गिऱ्हाईक परत घेऊन येतं, म्हणतं फोटो काळा आला." म्हणजे दोष त्याचा एकट्याचा नाही. मागणारे आपणच. ही खोडही जुनी आहे. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी लॅबना एक नमुन्याचं कार्ड द्यायची. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा आणि तिच्या कातडीचा रंग नीट आला की मशीन बरोबर लागलं असं समजायचं. त्याला 'शर्ली कार्ड'च म्हणत. सावळ्या माणसांच्या देशांतही त्याच मापाने प्रिंट निघत राहिले. माझ्या आईचा त्या शर्लीशी काय संबंध?

मी ते प्रिंट तिथेच ठेवून आले आणि ठरवलं, घरी छापायचं.

घरी चार शायांचा टाकीवाला प्रिंटर होता, मुलाच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला. मॉनिटर चांगला होता. भाच्याने त्याचं कॅलिब्रेशनचं यंत्र आणून दिलं. उंदरासारखं दिसणारं ते यंत्र स्क्रीनवर लटकवायचं, मग त्याच्याखाली लाल, हिरवे, निळे, करडे चौकोन एकामागून एक येत राहतात आणि शेवटी त्या मॉनिटरची प्रोफाइल तयार होते. पांढरा 6500 केल्विनला, गॅमा 2.2. वीसेक मिनिटांत काम झालं. नंतर कपाटातून आईची तीच इरकल काढली आणि खिडकीच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरली. मांडवाच्या गुलाबी कापडाची झाक सगळ्या फोटोवर होती. ती काढत काढत डाळिंबी रंग साडीशी जुळवला, आणि चेहरा आपोआप जागेवर आला. स्क्रीनवर आई होती. मी बराच वेळ नुसती बघत बसले.

मग प्रिंटची आज्ञा दिली आणि कागदावर जांभळट-लाल, काळवंडलेली बाई आली.

पुढचे तीन आठवडे मी जे केलं ते सविस्तर सांगते, कारण ज्यांनी हे केलंय त्यांना कळेल आणि ज्यांना करायचंय त्यांचे कागद वाचतील. आधी वाटलं, शाई अडकली. नोझल चेक काढला, रेघा सगळ्या अखंड. तरी दोनदा हेड क्लीनिंग केलं, शाई गेली, रंग तोच. मग स्क्रीनवर लाल कमी करून छापलं. चेहरा हिरवट झाला, पदर तपकिरी. थोडा लाल परत दिला, सावल्या जांभळ्या झाल्या. प्रिंटरवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन केला, त्यांनी सांगितलं मॉनिटर तपासा. मॉनिटरवाल्यांनी सांगितलं, आमचं पॅनेल ठीक आहे, प्रिंटर तपासा. दोघंही सभ्यपणे बोलले आणि दोघांनीही मला परत माझ्याच टेबलाशी आणून सोडलं.

यात सर्वांत वाईट काय होतं ते कोणी सांगत नाही. प्रत्येक चुकलेला कागद म्हणजे आईचा चेहरा होता. जांभळी आई, हिरवी आई, ओठ काळे पडलेली आई. ते कागद टाकायचे कुठे? कचऱ्याच्या बादलीत तिचा चेहरा टाकायला हात उठेना. फाडायलाही नाही. मी ते पालथे घालून कपाटात रचत गेले. एका रात्री मोजले, सतरा भरले. त्या रात्री मी खूप रडले, आणि ते आई गेल्याचं रडणं होतं की रंग जुळत नाही म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: आपल्या माणसाच्या फोटोवर चाचण्या करू नका. आधी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या पट्ट्या छापा. करड्यात लाली, निळाई काहीही शिरलं तरी डोळ्याला लगेच दिसतं. मलाही शेवटी त्या पट्ट्यांनीच वाट दाखवली. पट्ट्या गुलाबी आल्या, म्हणजे फोटोचा काही संबंधच नव्हता. रंग वाटेत कुठेतरी बिघडत होता.

बिघडत होता तो असा. मी ज्या प्रोग्राममधून छापत होते तो कागदाची प्रोफाइल वापरून रंगांचे आकडे प्रिंटरच्या भाषेत उतरवत होता. ते आकडे प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे गेले की तो त्यांना कच्चा माल समजून आपल्या पद्धतीने पुन्हा दुरुस्त करत होता. एकच दुरुस्ती दोनदा. दोन जावांनी एकाच आमटीत मीठ घालावं तसं. ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद करण्याची खूण आतल्या तिसऱ्या पानावर होती. ती बंद केली, कागदाचा प्रकार होता तोच निवडला, आणि पट्ट्या करड्या आल्या. तीन आठवडे आणि सतरा कागद, एका खुणेपायी.

प्रिंटमधला अंधार मात्र उरलाच होता. त्याचं कारण सोपं आणि माझ्या डोळ्यांसमोरच होतं. कॅलिब्रेशन करताना मी पांढरा लावला, गॅमा लावला, पण ब्राइटनेसला हात लावला नव्हता. स्क्रीन स्वतः पेटलेली असते आणि कागद पडलेल्या उजेडावर जगतो. भगभगीत स्क्रीनवर उजळ दिसलेला चेहरा कागदावर काळोखात जाणारच. ब्राइटनेस मोजून 100 कँडेलापर्यंत उतरवला, पुन्हा कॅलिब्रेट केलं, सॉफ्ट प्रूफिंग लावून कागदावर काय येईल ते आधी स्क्रीनवर पाहिलं. मग छापलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावला नाही, कारण शाई वाळताना रंग थोडा बसतो.

सकाळी खिडकीपाशी एका बाजूला स्क्रीन, मध्ये प्रिंट, पलीकडे साडी. तिन्ही जुळले. आनंद झाला असं म्हणणं कमी पडेल. मला वाटलं, तिचा रंग तिला परत दिला.

दादाला दाखवलं. तो बराच वेळ बघून म्हणाला, "आई एवढी काळी नव्हती गं."

आम्ही त्यावरून भांडलो. माझ्याकडे पुरावा होता, इरकल होती. पण साडीचा रंग साडीशी ताडता आला होता, आईचा रंग ताडायला काय होतं? माझी आठवण उन्हातली, वैरणीचा भारा घेऊन येणारी. त्याची आठवण बहुधा घरातल्या पिवळ्या बल्बखालची, तो शाळेतून यायचा तेव्हाची. यंत्राने स्क्रीन आणि कागद यांचं जुळवून दिलं. आम्हा भावंडांच्या दोन आयांचं जुळवणारं यंत्र मला माहीत नाही.

वर्षश्राद्धाला मावशी आली. संध्याकाळ होती, हॉलमध्ये एलईडी ट्यूबलाइट. तसबिरीकडे बघून ती म्हणाली, "अक्काच आहे. पण चेहरा का असा विझलाय?" मी वर पाहिलं तर खरंच विझला होता, आणि पदर डाळिंबीऐवजी मातकट. तसबीर उतरवून पडवीत आणली, मावळतीच्या उजेडात धरली, तर पुन्हा सगळं जिवंत. नंतर समजलं की साध्या एलईडीच्या पांढऱ्या उजेडात गडद लाल फार थोडा असतो, म्हणून खिडकीत जुळलेले दोन रंग ट्यूबखाली फटकून वागतात. छपाईच्या धंद्यात प्रिंट पाहायला 5000 केल्विनचा ठरावीक उजेड वापरतात तो यासाठीच. पण घराच्या भिंतीला कुठला ठरावीक उजेड?

त्यानंतर मी आणखी एक प्रिंट काढलं. या वेळी चेहऱ्यावरचा उजेड थोडा वाढवला. थोडासाच. हॉलमधल्या ट्यूबखाली आई विझलेली दिसू नये म्हणून. आज भिंतीवर आहे ती हीच तसबीर, आणि मावशीला ती आवडली.

आता कोणी मला विचारलं तर मी सांगते की लॅबला स्पष्ट बजावा, रंगात काही करू नका, 'नो करेक्शन' असं पाकिटावर लिहून घ्या. माझ्या आईला न विचारता गोरं करायचा त्या माणसाला अधिकार नव्हता, हे माझं मत तसूभरही बदललेलं नाही. पण मी जेव्हा तो उजेड वाढवला, तेव्हा माझं बोट किती पुढे जाऊन थांबलं आणि का थांबलं, हे मला पटवून सांगता येत नाही. ट्यूबलाइटसाठी किती आणि दादासाठी किती, याची मोजदाद मी केलेली नाही.

खिडकीत जुळलेलं ते पहिलं प्रिंट मी इरकलीच्या घडीत ठेवलं आहे. सतरा कागदही अजून कपाटातच आहेत, पालथे.