उत्तराआधीची थांबणूक

ताईचा मुलगा दहावीत असताना हळूहळू बोलेनासा झाला. क्रिकेटवरून तावातावानं भांडणारा पोरगा "बघू" आणि "माहीत नाही" एवढ्यावर आला. आजीचं निदान तयार होतं : शिंगं फुटलीत.

डॉक्टरांनी सांगितलं, नैराश्य. मग त्याच्या बोलण्याकडे मी नीट लक्ष द्यायला लागलो. "जेवलास का रे?" एवढ्या साध्या प्रश्नालाही उत्तर यायला वेळ लागायचा. यायचं तेही सपाट आवाजात, शेवट गिळलेलं. नैराश्यात विचारांचा वेगच मंदावतो, उत्तराआधीची थांबणूक लांबते, आवाजातले चढउतार जातात. घरच्यांना त्यात दिसतो आडमुठेपणा. शिवाय या वयात नैराश्य पुष्कळदा उदासीऐवजी चिडचिडीच्या रूपात येतं; म्हणजे ज्या उलट उत्तराबद्दल पोरगं बोलणी खातं, तेच लक्षण असू शकतं. इतर आजारांचं आणखी वेगळं. लोकांसमोर बोलायची धास्ती असलेली मुलगी मनात वाक्य घोटत राहते, तोवर मैत्रिणींचा विषय पुढे गेलेला असतो. उन्मादात शब्दांचा असा लोंढा येतो की समोरच्याला मध्ये शिरायला फट मिळत नाही.

खरं नुकसान मात्र मागाहून कळतं. टिंगल कुठवर ताणायची, रुसलेल्या मित्राला कसं वळवायचं, कुठे आपण गप्प बसायचं, हे सगळं माणूस याच वर्षांत कट्ट्यावर शिकतो. भाच्याचा तो सरावच बुडाला. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका पडायच्या, उत्तर जायचं नाही. "भाव खातो" म्हणत मित्र पांगले. औषधांनी मन सावरलं, तरी चारचौघांत बोलताना तो पुष्कळ दिवस चाचपडत होता.

आपल्या घरांना शांतता सोसत नाही, हेही खरंच. उत्तर आलं नाही की आपण दुसरा प्रश्न टाकतो, मग तिसरा, मग उपदेश. एकदा ताई मटार सोलत बसली होती. तो शेजारी येऊन शेंगा फोडू लागला. दोघांची नजर पातेल्यात. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आई, सकाळी उठावंसंच वाटत नाही गं." ताईनं हात थांबवला नाही, मान वर केली नाही, नुसतं "हं" म्हणाली. त्यावर तो आणखी बोलला. समोरासमोर बसवून केलेल्या चौकशीत जे निघत नव्हतं, ते अशा शेजारी बसण्यातून निघालं.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. म्हणजे पन्नासांच्या वर्गात तीन-चार. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. घरातलं पोर असं शब्दाशब्दानं कमी होत चाललं असेल, तर परीक्षा संपायची वाट पाहू नका.