दहा मीटरचे अंतर

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यासमोर कांगारू आयलंड नावाचे बेट आहे. जगाच्या नकाशावर ठिपक्याएवढे दिसते, पण प्रत्यक्षात ते सुमारे 155 किलोमीटर लांब आहे आणि ऑस्ट्रेलियातील मोठ्या बेटांमध्ये त्याचा तिसरा क्रमांक लागतो. वस्ती जेमतेम पाच हजारांची. या बेटाच्या दक्षिण बाजूला ‘सील बे’ नावाची पांढऱ्या वाळूची चौपाटी आहे. तिथे समुद्रसिंह, म्हणजे सी लायन, पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. प्राणिसंग्रहालयाचा पिंजरा नाही, खेळ करून दाखवणारा तलाव नाही. जनावरे त्यांच्या घरी आणि आपण पाहुणे.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळे अ‍ॅडलेडला धाकट्या भावाकडे गेलो होतो. आम्ही दोघे, नववीतली लेक, चौथीतला मुलगा आणि आमच्या अम्मी. आपल्याकडे मे म्हणजे अंगाची लाही, तिथे मात्र हिवाळ्याची चाहूल. अ‍ॅडलेडहून केप जर्व्हिस हे बंदर सुमारे 110 किलोमीटरवर आहे. तिथून मोटारीसकट माणसांना नेणारी मोठी बोट पाऊण तासात बेटावरच्या पेनेशॉ गावी पोहोचवते. बोटीवर चढण्याआधी एक गंमत कळली. या बेटावर बाहेरचा मध नेता येत नाही. 1880 च्या दशकात इटलीतल्या लिगुरिया भागातून आणलेल्या मधमाश्यांचा वंश इथे शुद्ध राहिला आहे, त्यांना रोग लागू नये म्हणून ही बंदी. न्याहारीसाठी सोबत घेतलेली मधाची बाटली चाचीने घरीच काढून ठेवली होती. खिमा-रोट्या आणि उकडलेली अंडी मात्र भरपूर बांधून दिली होती.

पेनेशॉहून सील बे तासाभराहून थोडे जास्त अंतरावर आहे. तिथे दोन प्रकारची तिकिटे मिळतात. एका तिकिटावर लाकडी फळ्यांच्या पुलवाटेवरून आपले आपण चालत वरून किनारा पाहायचा. दुसऱ्यावर मार्गदर्शकाबरोबर पाऊण तास थेट वाळूवर उतरायचे. मार्गदर्शकाशिवाय वाळूवर पाऊल टाकायला कोणालाही परवानगी नाही. अम्मींचे गुडघे दुखतात, म्हणून चाची त्यांच्यासोबत पुलवाटेवर थांबली. वाटेत एका व्हेल माशाचा सांगाडा जपून ठेवला आहे, तोही त्यांना निवांत पाहता आला. आम्ही बाकीचे खाली उतरलो.

उतरण्याआधी मार्गदर्शक बाईंनी नियम सांगितले. सगळ्यांनी एकत्र राहायचे. कोणत्याही समुद्रसिंहापासून किमान दहा मीटर लांब राहायचे. प्राणी आणि समुद्र यांच्यामध्ये उभे राहायचे नाही, कारण पळायची वाट बंद झाली की जनावर घाबरते. खायला काही द्यायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही. प्राण्याने मान उचलून आपल्याकडे टक लावली, तर आपण फार जवळ आलो असे समजून हळूच मागे सरायचे.

वाळूवर पहिल्यांदा दिसले ते ओंडकेच वाटले. जवळ गेल्यावर एका ओंडक्याने कूस बदलली. मादीची पाठ रुपेरी राखाडी आणि पोट सायीच्या रंगाचे. नर गडद तपकिरी, मानेवर फिकट आयाळ. त्यावरूनच सिंह हे नाव पडले असावे. मादीचे वजन साधारण 60 ते 100 किलो, नराचे 250 किलोपर्यंत आणि त्याच्याही पुढे. सील आणि सी लायन यांतला फरक लेकीने लगेच वहीत लिहून घेतला. सी लायनला बाहेरून दिसणारे छोटे कान असतात आणि तो मागचे पंखपाय अंगाखाली वळवून चारही पायांवर चालू शकतो. खऱ्या सीलला असे कान दिसत नाहीत आणि जमिनीवर तो पोटावर सरपटतो.

मुलगा मात्र नाराज होता. “एवढ्या लांब आलो आणि हात पण लावायचा नाही? ते तर नुसते झोपलेत.” चाचांनी त्याचा प्रश्न मार्गदर्शक बाईंना सांगितला. त्या हसल्या नाहीत, खाली वाकून त्यांनी त्याला नीट समजावले. समोरची मादी दोन-तीन दिवस समुद्रात होती. हे प्राणी पाण्याच्या वरवर शिकार करत नाहीत. थेट तळाशी बुडी मारतात, कधी शंभर मीटरपर्यंत. तिथे माकूळ, ऑक्टोपस, मासे, शेवंडे शोधतात, वर येऊन श्वास घेतात आणि पुन्हा बुडी मारतात. असे रात्रंदिवस चालते. त्याच पाण्यात मोठे पांढरे शार्कही फिरतात. मग मादी किनाऱ्यावर येते, पिल्लाला पाजते, झोपते आणि पुन्हा समुद्रात जाते. आपल्याला दिसणारी झोप ही तिच्या कामाचाच भाग आहे. दिवसभरात दहा जणांनी तिला उठवले, तर तिची तेवढी ताकद वाया गेली. ती ताकद शेवटी पिल्लाच्या दुधातून कमी होते.

इतक्यात एक पिल्लू दगडांमागून बाहेर आले आणि ओरडत आमच्याच दिशेने चालू लागले. बकरीच्या करडासारखा आवाज. सगळ्यांचे मोबाइल वर झाले. बाईंनी हाताने खूण केली आणि वीसेक माणसांचा घोळका एकेक पाऊल मागे सरकू लागला. पिल्लू पुढे, माणसे मागे. दूर पाण्याच्या रेषेवर एक मादी बाहेर आली आणि तिने उत्तर दिले. पिल्लू वळले. मध्ये दुसरी एक मादी झोपली होती. पिल्लू तिला लुचायला गेले, तर तिने दात दाखवून हुसकले. समुद्रातून आलेली मादी जवळ पोहोचली, तिने नाक लावून पिल्लाचा वास घेतला आणि मगच आडवी होऊन त्याला पाजायला घेतले. आवाजाने हाक, वासाने खात्री. त्या वेळी आम्ही मध्ये उभे असतो, तर ती कदाचित पाण्यातच थांबली असती. मुलाने हात लावण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

वर आल्यावर अम्मींना हे सांगितले. त्या म्हणाल्या, “बाळंतिणीच्या खोलीत बाहेरच्यांनी दारातूनच सलाम करून निघावं, तसंच आहे हे.”

या काळजीमागे मोठे कारण आहे. ऑस्ट्रेलियन समुद्रसिंह जगात फक्त दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कातडे आणि तेलासाठी शिकाऱ्यांनी त्यांची कत्तल केली. शिकार थांबली, तरी संख्या सावरली नाही. गेल्या 40 वर्षांत ती 60 टक्क्यांहून अधिक घटली असून आज सारे मिळून दहा-बारा हजारच प्राणी उरले आहेत. ऑस्ट्रेलिया सरकारने 2020 मध्ये त्यांना ‘संकटग्रस्त’ यादीत टाकले. सील बेवर सुमारे 800 प्राणी आहेत आणि ही या जातीची तिसरी मोठी वसाहत मानली जाते.

संख्या भरून का निघत नाही, याचे उत्तर त्यांच्या जगण्यात आहे. बहुतेक सील वर्षातून एकदा ठरावीक ऋतूत वितात. या जातीचे चक्र सुमारे साडेसतरा महिन्यांचे आहे. त्यामुळे पिल्ले एकदा उन्हाळ्यात येतात, तर पुढच्या वेळी हिवाळ्यात. आई पिल्लाला जवळजवळ दीड वर्ष पाजते. माद्या ज्या किनाऱ्यावर जन्मल्या, तिथेच विण्यासाठी परततात. म्हणून एक वसाहत संपली, तर दुसरीकडच्या माद्या येऊन ती सहसा भरून काढत नाहीत. त्यात मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मरणारे प्राणी. या कारणाने 2010 नंतर तिथे वसाहतींभोवतीचा समुद्र जाळ्यांसाठी बंद करण्यात आला आणि बोटींवर कॅमेरे बसवले गेले. मच्छीमारांच्या रोजीरोटीला त्याची झळ बसली आणि अनेकांनी जाळी सोडून गळ वापरायला सुरुवात केली.

आपण कोकणातल्या लोकांना ही गोष्ट परकी नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांसह 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तिथेही पर्यटक दोरीच्या मागे उभे राहून पिल्ले समुद्रात जाताना पाहतात आणि गावातच घरगुती मुक्काम करतात. जाळ्यात अडकलेले कासव किंवा डॉल्फिन सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर महाराष्ट्र सरकार 2018 पासून मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. आपल्या किती मच्छीमार घरांना ही योजना ठाऊक आहे, हे एकदा विचारून पाहावे. जाळे कापल्याचा फोटो काढून ठेवावा आणि मत्स्य विभागाशी संपर्क साधावा.

कोणाचे नातेवाईक अ‍ॅडलेड किंवा मेलबर्नला असतील आणि सील बेला जायचे ठरले, तर वाळूवरची फेरी आधीच आरक्षित करा. वारा बोचरा असतो, म्हणून मे ते सप्टेंबरमध्ये जाड जॅकेट हवेच. वयस्कर मंडळी पुलवाटेवरून आरामात पाहू शकतात. दुर्बीण असेल तर घ्या, तीच तुम्हाला जवळ नेईल. जगात कुठल्याही किनाऱ्यावर एकटे पिल्लू दिसले, तर ते टाकून दिलेले आहे असे समजून उचलू नका, पाण्यातही ढकलू नका. त्याची आई बहुधा खोल पाण्यात त्याच्यासाठीच बुड्या मारत असते. लांबूनच तिथल्या वनखात्याला कळवा आणि मुलांना घेऊन मागे सरा.