गागोद्याच्या माळावरचे शिंग

गागोदे बुद्रुक पेण तालुक्यात मोडते. जिल्ह्याचे नाव १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले, तरी आमच्या तोंडी अजून कुलाबाच येते. मुंबईहून येणाराने दिवा-रोहा मार्गाच्या गाडीने पेणेस उतरावे, गणपतीच्या मूर्ती घडविणाऱ्या कारखान्यांच्या त्या गावी चहा घ्यावा आणि पुढे एस. टी. किंवा रिक्षा, जे मिळेल त्यात बसावे. गाव लहान, भोवती डोंगर, मध्ये भातखाचरे. पाहुणा येथे बहुधा एकाच कारणासाठी येतो. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे येथे जन्मास आले आणि पुढे जगाचे विनोबा झाले. ते स्थान पाहावयाचे, हात जोडावयाचे आणि परतीची गाडी गाठावयाची, असा सर्वांचा क्रम असतो.

गेल्या कार्तिकात मात्र आमच्या घरी एक पाहुणी निराळ्याच कारणासाठी आली. आमच्या थोरल्या बंधूंची ही नात मुंबईस असते व वाद्य वाजवून पोट भरते. तिला आठ दिवस मोकळी हवा आणि मोकळा माळ हवा होता. वाद्याचे नाव फ्रेंच हॉर्न. "हॉर्न वाजविते" हे ऐकून शेजारच्या गृहस्थांनी, ती कोणत्या डेपोच्या गाडीवर असते, असे आम्हांस गंभीरपणे विचारले. त्यांस दोष कसा द्यावा? आपल्या भाषेत हॉर्न मोटारीलाच असतो. आम्ही तेव्हापासून 'शिंग' हा शब्द योजू लागलो.

हे पितळी शिंग गोगलगाईच्या शंखासारखे गुंडाळलेले असते. त्याची नळी उलगडली तर सुमारे बारा फूट, म्हणजे आठ हात भरेल. डाव्या हाताची बोटे कळांवर चालतात, उजवा हात पाठीमागे वळलेल्या कर्ण्याच्या तोंडात असतो, आणि त्या हाताच्या हालचालीने स्वराचा रंग पालटतो. नाट्यशास्त्राने वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग केले आहेत. त्यांतले हे सुषिर. पण बासरीप्रमाणे येथे नुसती फुंकर पुरत नाही. ओठच थरथरावे लागतात. दोन दिवस खंड पडला तर ओठ सैल होतात, म्हणून रोजचा अभ्यास चुकवून चालत नाही.

आणि मुंबईत नेमकी अभ्यासाचीच चोरी! भाड्याच्या दोन खोल्या, पलीकडे परीक्षेचा विद्यार्थी, खाली आजारी वृद्ध. सोसायटीच्या चिटणिसांनी दोनदा चिठ्ठी धाडली. मुलगी स्वयंपाकघराच्या दारास गादी टेकविते, कर्ण्यात आवाज दाबणारा बोळा बसविते आणि दुपारी दोन ते चार, लोक कामावर असताना, वाजविते. गागोद्यात ती सकाळी कापणी झालेल्या खाचरांपलीकडे माळावर जाऊन उभी राही. पहिला स्वर डोंगरावर आपटून परत आला तेव्हा गुरे माना वर करून पाहू लागली. तिसऱ्या दिवशी गुराख्याची पोरे रांगेने बसून ऐकत होती. इतका मोठा आवाज आपल्या वाद्यात आहे हे आपण मुंबईत विसरलो होतो, असे ती म्हणाली.

तिच्या उपजीविकेचे स्वरूप आम्ही बारकाईने विचारून घेतले. पगार नाही. फोन येतो: अमुक दिवशी, अमुक हॉलमध्ये, काळा पोशाख, दोन तालमी, इतके रुपये. नाताळात गिरजाघरांतील गायनवृंदांबरोबर काम असते. तुळशीचे लग्न झाले की श्रीमंतांच्या लग्नसमारंभांत स्वागताचे वादन. मुंबईस मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला होता, आणि २००६ पासून नरिमन पॉइंटच्या एन.सी.पी.ए. मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. तथापि अशा वृंदांत शिंगाच्या जागा चार-पाचच. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास एके काळी पन्नास-साठ वादक एकत्र बसत, आणि त्यांत गोव्याच्या पितळी वाद्यवाल्यांचा मोठा भरणा असे. पुढे विजेवरच्या वाद्यांनी एकट्याने सगळा ताफा उभा करता येऊ लागला व ती मिळकत आटली. त्या काळीही स्त्री वादक विरळाच. झरीन दारूवाला यांचे सरोद शेकडो गाण्यांत वाजले, पण ते तंतुवाद्य. तोंडाने फुंकावयाच्या वाद्यांपाशी मात्र पुरुषच.

रात्री कार्यक्रम आटोपून ती पेटी घेऊन शेवटच्या लोकलच्या बायकांच्या डब्यात बसते. मासळीवाल्या, इस्पितळातल्या परिचारिका आणि ही, अशी त्या वेळची संगत. लग्नाच्या कामांत तिला पुष्कळदा पुढे उभे करतात, कारण बाई फुंकते ही शोभा. मानधन मात्र मागच्या रांगेतल्या पुरुषाहून कमी देऊ पाहतात. हल्ली ती पैसे आधी ठरवून कागदावर घेते. २०२० सालच्या टाळेबंदीत तर श्वासच संशयित ठरला. फुंकरीची वाद्ये सर्वांच्या शेवटी परत आली. त्या वर्षी तिने लहान मुलांस संगणकावरून पियानो शिकवून दिवस काढले.

आमच्या वहिनींचे आक्षेप दोन. पहिला सोवळ्याचा: वाद्यातून ती 'थुंकी' काढते. मुलीने समजाविले की उष्ण श्वासाची वाफ थंड पितळेवर धरते, झाकणाखाली पाणी जमते तसे, आणि ओघळते ते बहुतेक तेच. हे वहिनींस अर्धे पटले. दुसरा आक्षेप छातीचा: बायकांच्या छातीस हे झेपेल काय?

या दुसऱ्या आक्षेपाचा निकाल जर्मनीत लागला आहे. १९८० साली म्यूनिक फिलहार्मोनिक या वृंदात मुख्य ट्राँबोनवादकाची जागा होती. अ‍ॅबी कोनंट या अमेरिकन बाईस निमंत्रण आले ते 'श्रीयुत' असे लिहून. परीक्षा पडद्याआड झाली. तेहतीस उमेदवारांत तिचे वादन ऐकून, हाच आमचा माणूस, असे परीक्षकांनी ठरविले. पडदा सरला तो बाई. जागा मिळाली, पण १९८१ साली तिला दुय्यम स्थानावर उतरविण्यात आले. त्या जागी पुरुष हवा, असे संचालक चेलिबिडाके यांचे म्हणणे. प्रकरण न्यायालयात गेले. बाईस दवाखान्यात फुप्फुसांची क्षमता मोजवून घ्यावी लागली, कानाच्या पाळीतले रक्त तपासावे लागले. सर्व मापे उत्तम निघाली. १९८४ साली निकाल तिच्या बाजूने झाला. तरी बरोबरीच्या वेतनासाठी भांडण १९९३ पर्यंत पुरले. पुढे ती ट्रॉसिंगेन येथे प्राध्यापिका झाली. पडदा असेपर्यंत छाती पुरेशी होती, हे वाचकांनी पाहावेच. बर्लिनच्या फिलहार्मोनिकमध्ये पितळी वाद्यांत पहिली स्त्री, सारा विलिस, २००१ साली आली, आणि तिचे वाद्य आमच्या मुलीचेच.

परदेशाचे दाखले घरात फार चालत नाहीत, म्हणून आम्ही गीता काढली. गागोद्यात गीता काढण्यास निमित्त लागत नाही. आपल्या मातोश्रींस संस्कृत उमगत नव्हते ही खंत विनोबांच्या मनात राहिली आणि १९३०-३१ मध्ये 'गीताई' सिद्ध झाली. पहिल्या अध्यायात पांचजन्य, देवदत्त, पौंड्र असे शंख एकामागून एक फुंकले जातात, आणि त्या फुंकणारांच्या नामावळीत शिखंडी आहे. तो द्रुपदाच्या घरी कन्या म्हणूनच जन्मला होता. वहिनी म्हणाल्या, "तो पुढे पुरुष झाला ना?" हे उत्तर आम्हांस अपेक्षित होते. मग आम्ही अजिंठ्याचे चित्र दाखविले. पहिल्या लेण्यातील महाजनक जातकात नर्तकीभोवती बायका वाजवीत आहेत, आणि ओठांशी बासरी धरलेल्याही त्यांत आहेत. चित्र पाचव्या शतकाच्या सुमाराचे, आणि आपल्याच मुलुखातले. वहिनींनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले व काही बोलल्या नाहीत.

आजच्या काळातही हा मार्ग अगदीच निर्मनुष्य नाही. बिस्मिल्लाखाँसाहेबांच्या शिष्या बागेश्वरी कमर यांनी दिल्लीत सनई हाती घेतली; पुण्यात नम्रता गायकवाड यांनी वडील प्रमोद गायकवाड यांजपाशी सनईचे शिक्षण घेतले. सनई घराण्यात असेल तर मुलीच्या हाती ती येण्यास निदान वाट असते. आमच्यासारख्यांच्या घरी ती नाही. आमच्याकडे मंगलवाद्याशिवाय अक्षता पडत नाहीत, पण वाजविणाराचे पान शेवटच्या पंक्तीस आणि बैठक दाराबाहेर, हे पिढ्यान्‌पिढ्या चालले. छातीचे कारण पुढे करतात; खरी अडचण, आमच्या मते, ही बैठकीची आहे. विनोबांनी १९५९ साली पवनारास ब्रह्मविद्या मंदिर काढून ते स्त्रियांच्या हाती दिले, याचा आम्हां गागोदेकरांस अभिमान वाटतो. घरच्या मुलीने वाजंत्र्यांची जागा घ्यावी म्हटले की मात्र तोच अभिमान घुटमळतो.

मुलीस स्थळे येतात. एका ठिकाणाहून, लग्नानंतर वाजविणे घरापुरते ठेवाल ना, अशी विचारणा झाली. घरात वाजविता येत नाही हीच तर माझी तक्रार आहे, असे तिने उत्तर दिले, आणि ते स्थळ तेथेच राहिले. बंधू दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आम्हांसही थोडी काळजी वाटली, कारण ओठांचे काम वार्धक्यात टिकत नाही व निवृत्तिवेतन नाही. तिने त्यासाठी दर कामातून काही रक्कम बाजूस टाकण्यास आरंभ केला आहे. वही आम्ही पाहिली. हिशोब चोख आहे.

येत्या वैशाखात तिच्या चुलतबहिणीचे लग्न गागोद्यासच व्हावयाचे आहे, आणि वधूचा हट्ट आहे की वरमाला घालताना ताईने शिंग वाजवावे. सनईवाले ठरलेच आहेत. त्यांच्या म्होरक्याने, "सूर कोणता, तेवढे कळवा, आम्ही जुळवून घेऊ," असा निरोप धाडला आहे. तिची खुर्ची कोठे मांडावयाची, एवढे ठरावयाचे आहे. वहिनी म्हणतात, ओटीवर, सनईवाल्यांशेजारी. आम्ही म्हणतो, मांडवात, घरच्या माणसांत, आणि सनईवाल्यांच्या खुर्च्याही तेथेच. बंधूंनी अद्याप मत दिलेले नाही.