वऱ्हाडातला अर्धा ‘र’

मराठीच्या प्राध्यापकाने मोबाइलची अ‍ॅप्स बनवणाऱ्यांना उपदेश करावा, हे म्हणजे सोनाराने नांगर कसा धरावा ते सांगण्यासारखे, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे! वाशीमच्या कॉलेजात २० वर्षे जोडाक्षरे शिकवल्यावर एवढा हक्क मी मागून घेतो.

‘वऱ्हाड’ हा आमचा घरचा शब्द. आपल्या डोळ्यांना त्यात तीन अक्षरे दिसतात. यंत्राला सहा चिन्हे दिसतात. कारण युनिकोडमध्ये पाय मोडण्याच्या खुणेला आणि कान्यालाही स्वतंत्र क्रमांक आहेत. बरे, त्यातला अर्धा ‘र’ तीन तऱ्हांनी टंकता येतो : अखंड ‘ऱ’ घेऊन, साध्या ‘र’खाली वेगळे टिंब देऊन, किंवा पाय मोडलेल्या ‘र’पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही जुळी भावंडे. यंत्राला मात्र तीन परके शब्द!

याची गंमत वाटते, ती आडनावात हा ‘ऱ्ह’ नसणाऱ्यांना. माझ्या वर्गातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाची शिष्यवृत्ती ‘नाव जुळत नाही’ या तीन शब्दांवर अडली. दोन्ही कागद शेजारी ठेवून मी वाचले. वेलांटीचाही फरक नव्हता. पोराने चार खेपा घातल्या, आणि दर खेपेला एक दिवसाची मजुरी बुडाली.

तेव्हा प्रोग्रामर मित्रहो, नाव साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी ते एका रूपात आणा. या रीतीला एनएफसी म्हणतात. ती पहिली दोन रूपे एक करते. तिसऱ्याचा बंदोबस्त तुम्हालाच करावा लागेल. नावाच्या चौकटीला आखूड कुंपण घालू नका. यूटीएफ-८ मध्ये मराठीचे एकेक चिन्ह ३ बाइट खाते. जागा पुरेना म्हणून शब्द कुठेही तोडू नका. ‘श्री’ मध्येच कापली की नुसता पाय मोडलेला ‘श्’ उरतो. अक्षरे मोजायला जावास्क्रिप्टमध्ये ‘सेगमेंटर’ आहे. ‘५’ लिहिणाऱ्याला ‘आकडा घाला’ म्हणून परत पाठवू नका. आणि चाचणीला एकटा ‘राम’ पुरत नाही. ‘कृष्णा’ आणि ‘वऱ्हाड’ही घालून पाहा.

आमचे वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट येथे १९३९ साली सापडला. ज्यांना दान दिले त्यांची नावे त्यात एकेक करून कोरली आहेत. नाव चुकले तर हक्क जाईल, हे त्या कोरणाऱ्याला ठाऊक असणार. आज काचेच्या पडद्यासाठी लिहिणाऱ्यानेही तेवढे ध्यानात ठेवावे.