एकतीस घरे, चौदा घरे

यांत्रिक घड्याळात काट्यांना जेवढी मोकळीक असते तेवढी वार-तारखेला नसते. काटे दाबून बसवलेले असतात. ते उचलून पुन्हा हव्या त्या कोनात बसवले तरी त्यांची हरकत नसते. तारखेचा आकडा मात्र तबकडीखालच्या एका पातळ चकतीवर छापलेला, त्या चकतीचे स्थान मशीनमध्ये कायमचे मुक्रर झालेले, आणि लोकांसमोर हजर होण्याची तिची वाट म्हणजे तबकडीला पाडलेली एक इवलीशी खिडकी. त्यामुळे आहे ते घड्याळ साफसूफ करताना जो प्रश्न सहसा उद्भवत नाही, तो मशीन किंवा तबकडी बदलायला घेताच दत्त म्हणून पुढे उभा राहतो.

दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात माझी उभी हयात तारखा लिहिण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर पुण्यातल्याच एका वयोवृद्ध घड्याळजींच्या टेबलाशेजारी बसून चिमटा धरण्याची तालीम घेत असताना पुन्हा तारखेशीच गाठ पडावी, हा योग मला मोठा मौजेचा वाटतो. प्रसंग माझ्या भाच्याच्या घड्याळाचा. आखातात नोकरीला असताना त्याने सेइकोचे ‘एसकेएक्स००७’ हे पाणबुड्यांचे घड्याळ घेतले होते. १९९६ मध्ये बाजारात आलेले आणि २०१९ च्या सुमारास बंद झालेले हे घड्याळ हौशी लोकांत फार प्रिय. त्याची चावी तीनच्या अंकासमोर नसून चारच्या किंचित अलीकडे असल्यामुळे ती मनगटाला टोचत नाही. आतले ‘७एस२६’ हे मशीन कणखर खरे, परंतु त्याला हाताने चावी देता येत नाही आणि वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नाही. या दोन्ही सोयी त्याच घराण्यातल्या ‘एनएच३६’ या नव्या मशीनमध्ये असून ते जुन्या केसमध्ये बिनतक्रार बसते. “मामा, मशीन नवं घाला, पण बाकी घड्याळाला धक्का लागता कामा नये,” एवढी एकच अट भाच्याने घातली.

मशीन बसले, जुनी तबकडी तिच्या पायांवर नीट टेकली, आणि भिंगातून पाहतो तो एक विलक्षण दृश्य दिसले. तारखेचा आकडा खिडकीच्या मधोमध, ओळंब्यात असल्यासारखा सरळ. आणि त्याच्या लगतच वाराची तीन इंग्रजी अक्षरे मात्र वरच्या कडेकडे सरकलेली, उजवे टोक किंचित उचललेले, पहिल्या अक्षराचा माथा बाकीच्यांहून खाली. तबकडीच वाकडी बसली असती तर दोघेही बिघडले असते. एकच खिडकी, एकच मशीन, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत असा दुजाभाव कशामुळे, हे मला उमगेना. तबकडीचे पाय कापून ती चिकटपट्टीच्या ठिपक्यांवर थोडी फिरवून बसवावी, असा एक प्रचलित उपाय माझ्या कानावर होता, आणि तसे सुचवण्यासाठी मी तोंड उघडणार तोच घड्याळजी म्हणाले, “साहेब, डायलला हात लावू नका. आधी दोष कुणाचा ते ठरवा.”

दोष ठरवण्यासाठी कागद-पेन्सिल पुरली. तारखेच्या चकतीवर एकतीस घरे असतात, म्हणजे एका घराच्या वाट्याला वर्तुळाचे सुमारे ११.६ अंश येतात. चावी चारच्या अलीकडे असलेल्या केसमध्ये अख्खे मशीन चावीबरोबर फिरलेले असते, खिडकी मात्र तीनच्या जागीच राहते. हे अंतर तारखेच्या जवळजवळ नेमक्या दोन घरांचे, म्हणजे २३ अंशांच्या आसपास भरते. घरांच्या पूर्ण संख्येइतके सरकल्यामुळे एका आकड्याऐवजी दुसरा आकडा खिडकीत येतो, आणि तोही सरळच दिसतो. वाराच्या चकतीचा हिशेब निराळा. सात वार आणि दोन भाषा मिळून तिच्यावर चौदा घरे असतात. एक घर २५.७ अंशांचे. तेवीस अंशांत त्यातले एक घर पुरते मावत नाही, दोन-अडीच अंशांची तूट उरते, आणि ती तूटच त्या तीन अक्षरांच्या तिरकेपणातून डोळ्यांना दिसत होती. तबकडी फिरवून ती भरून काढली असती तर वार सरळ झाला असता, पण तारीख बिघडली असती, आणि बाराची खूण बाहेरच्या कड्यावरच्या खुणेशी जुळेनाशी झाली असती.

नवे मशीन तीनच्या चावीसाठी छापलेली वाराची चकती घेऊन आले होते, एवढाच काय तो मामला. सुदैवाने एका मशीनची चकती दुसऱ्यावर बसते. काटे आणि तबकडी उतरवून, चकतीला मध्यभागी धरून ठेवणारी, नखाच्या चिमटीतही न सापडणारी उघड्या कड्यासारखी कडी घड्याळजींनी बोटाने झाकून सोडवली, कारण ती उडाली म्हणजे सबंध खोली झाडून काढावी लागते. जुन्या मशीनची इंग्रजी-अरबी चकती नव्यावर चढली, कडी परत बसली, आणि तबकडी ठेवताच वार तारखेच्या ओळीत आला.

काटे बसवण्याचाही एक दंडक आहे. तासाचे चक्र बारा तासांत एक फेरा करते आणि तारीख ढकलणारे चक्र चोवीस तासांत. म्हणून काटे वाटेल तेव्हा बसवले तर तारीख भर दुपारीही बदलू शकते. चावी पुढे फिरवत राहावे, तारीख उडी घेईल त्या क्षणी थांबावे, आणि तासकाटा व मिनिटकाटा बारावर बसवावेत. वार त्यानंतर सावकाश बदलतो. मध्यरात्रीनंतर काही काळ खिडकीत दुसऱ्या भाषेतला वार डोकावतो, तो बिघाड नव्हे. मात्र रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान चावीने वार-तारीख झटपट बदलू नये; त्या वेळी चक्राचे बोट चकतीच्या दात्यात गुंतलेले असते आणि जबरदस्तीने ते मोडते.

त्या टेबलाशी बसून मी जे टिपण केले ते असे: सर्वच आकडे सारखेच वर किंवा खाली दिसत असतील तर तबकडीचे पाय तपासावेत, आकडा मध्येच अडकत असेल तर तबकडी पूर्ण टेकली आहे की नाही ते पाहावे, तारीख अवेळी बदलत असेल तर काटे पुन्हा बसवावेत, आणि तारीख सरळ असून वार तिरका असेल तर चकती बदलावी, तबकडीला हात लावू नये. ज्या वाचकांना असे घड्याळ जुळवण्याची हौस असेल त्यांना माझी विनंती एवढीच, की तबकडीचा रंग पसंत करण्यापूर्वी चावी कोणत्या अंकासमोर आहे हे पाहून घ्यावे, आणि वार-तारखेच्या चकत्या त्याच हिशेबाने मागवाव्यात.