अनुत्तरित पत्र

संध्याकाळची मिस्सा आटोपून चर्चची दारे लावली, की जालन्यातील माझ्या खोलीत एक पाहुणा हमखास येतो. तो सेमिनरीतला माझा सहाध्यायी. अखेरच्या वर्षी त्याने शिक्षण सोडले. पुढे त्याचे पत्र आले : ‘मी चुकलो, असे तुलाही वाटते का?’ मला तसे वाटत नव्हते; परंतु ते लिहिण्याचे धैर्य झाले नाही. आज लिहू, उद्या लिहू, यात तीस वर्षे सरली.

गेलेली माणसे पुन्हापुन्हा का आठवतात? प्रेमामुळे, असे आपण सहज म्हणतो. पण माझ्या आईवडिलांची आठवण शांतपणे येते आणि जाते. हा मात्र उंबऱ्यावर उभाच राहतो. पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मध्येच थांबलेली कामे अधिक लक्षात राहतात, असे ब्लुमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९२७ साली मांडले. पुढच्या सर्वच प्रयोगांत तसे आढळले नाही; माझा अनुभव मात्र तिच्या बाजूचा आहे.

जालन्याजवळच्या बेथेलकडे गेलो, की रेव्ह. नारायण शेषाद्री आठवतात. १८४३ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही त्यांच्यामागोमाग मिशनऱ्यांकडे राहावयास गेला होता. न्यायालयाने त्या बालकाला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत परत घ्यावे, म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले आणि मुंबईत मोठा वाद माजला. पुढे नारायणरावांनी निजामाच्या मुलुखात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. इतक्या परक्यांना घर देताना त्या भावाचा चेहरा त्यांच्यासमोर येत असेल का? हा प्रश्न त्यांच्यापेक्षा माझ्याविषयीच अधिक सांगतो, हे मी जाणतो.

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यात, माझा मित्र निवर्तल्याचे कळले. मिस्सेत त्याचे नाव घेताना आवाज अडखळला. प्रार्थना त्याच्यापर्यंत पोहोचते, ही माझी श्रद्धा आहे. परंतु जे वाक्य त्याला साध्या पोस्टकार्डावर हवे होते, ते मी आता वेदीपाशी परमेश्वराला सांगत होतो.

त्या रात्री टेबलाचा खण उघडला. आणखी दोन पत्रे उत्तराविना पडली होती. ती लिहिणारी माणसे हयात आहेत. दुसऱ्या दिवशीच्या टपालाने उत्तरे गेली.

वाचकहो, तो पाहुणा अजूनही येतो. मी आता त्याला बसावयास सांगतो.