न कलणारी होडी

पांढुर्ण्याच्या शाळेत समुद्राचा धडा आला, की आमची मोठी पंचाईत होते. वर्गातील बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो, आणि आमचे बालपण तर कोकणी बोलत वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर गेलेले! यंदा एका मुलाने विचारले, "सर, कॅटमरान म्हणजे काय?"

आम्ही फळ्यावर नकाशा काढला. सौंसर तहसिलीतून वाहणारी कन्हान वैनगंगेला मिळते. वैनगंगा पुढे प्राणहितेच्या रूपाने गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच उपसागराकाठी तामिळ कोळ्यांनी ओंडके बांधून तराफे केले. 'कट्टुमरम्' म्हणजे बांधलेले लाकूड. आज मात्र दोन समांतर होड्या मधल्या तक्तपोशीने जोडून केलेल्या नौकेस हे नाव आहे. १८७६ साली न्यूयॉर्कच्या शर्यतीत हेरेशॉफ यांच्या 'अमॅरिलिस' या जोडनौकेने मोठमोठ्या नौकांना मागे टाकले, तेव्हा अशा नौकांना शर्यतीची बंदीच झाली!

कोकणात तिची धाकटी बहीण आहे, ती उलांडीची होडी. होडीच्या एका अंगाला आडव्या लाकडांनी बांधलेला ओंडका म्हणजे उलांडी. वारा वाढला की उलांडी पाण्यावरून उचलू लागे, आणि आमचे वडील न बोलता शीड सैल करीत.

काही वर्षांपूर्वी सुट्टीत वडिलांना घेऊन आम्ही शिडाच्या एका नव्या जोडनौकेत बसलो. वारा चढला, तरी पेल्यातील चहा हिंदकळला नाही. सारे खूष, वडील तेवढे अस्वस्थ. "ही काहीच सांगत नाही," ते म्हणाले. इतक्यात डोलकाठीला धरून ठेवणारी एक तार कडाडून तुटली. तांडेलाने चपळाईने शीड उतरविले, म्हणून कोणास इजा झाली नाही. पण वडिलांच्या हाताचा कंप आम्हांस अजून आठवतो.

एका बुडाची नौका वाऱ्याने कलते. कलली की शिडावरचा वारा निसटतो आणि नाविकास इशारा मिळतो. तळाशी जड वजन असल्याने ती आडवी झाली तरी पुन्हा उठते. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी जगप्रदक्षिणा केली, ती गोव्यात बांधलेली 'तारिणी' अशीच. जोडनौका रुंदीमुळे फारशी कलत नाही. वाऱ्याचा सारा ताण तारांवर आणि डोलकाठीवर येतो. आणि एकदा उलटली, की ती आपण होऊन सुलटत नाही.

म्हणून कारखानदारांना आमची विनंती आहे. आतील पलंग आणि शीतकपाटे वाढविण्याआधी वजन कमी करा; नौका जड होऊन खाली बसली, की लाटा मधल्या तक्तपोशीला खालून आदळतात. उलटल्यावर बाहेर पडण्याचे दार अंधारातही हाताला लागेल असे ठेवा. आणि तारांवरील ताण मोजणारी यंत्रे काही महागड्या नौकांवर असतात, ती लहान नौकांनाही द्या.

हे ऐकून संत्र्यांच्या बागेतला एक मुलगा उठला. "सर, बैलगाडीत भार जास्त झाला की आख कुरकुरतो. त्या नौकेलाही कुरकुरायला शिकवावे."

रात्री आम्ही हे वडिलांना फोनवर सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "पोरगो हुशार आसा. दर्या बघूक नाय, तरी कळला त्येका."